सावंतांच्या स्मॅशचा आवाज

मुंबईत थंडी अंगाला कळत नाही, कानाला कळते. मुलुंडची माणसं उगाच ऐट करतात, आमच्याकडे डोंगर आहे, आमच्याकडे स्वेटर लागतो वगैरे. काही लागत नाही. कपाटातला स्वेटर काढायचा, डांबरगोळीच्या वासाने चार शिंका द्यायच्या आणि ऊन वर आलं की तो खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, एवढीच आमची थंडी. पण डिसेंबरात एक सकाळ अशी येते की मी ओट्याशी चहाला आलं किसत असते आणि खालून, कंपाउंडमधून आवाज येतो. टप्. थोडी शांतता. टाप्. पुन्हा शांतता. मग कुणीतरी हसतं. म्हणजे नेट बांधलं. म्हणजे थंडी आली.

आमच्या सोसायटीची ही रीतच आहे. वर्षभर जिथे गाड्या उभ्या असतात तिथे थंडीत सकाळी बॅडमिंटन. पावसाळ्यात प्रश्नच नाही आणि उन्हाळ्यात वारा सुटतो. वारा सुटला की शटल आपलं ऐकत नाही. थंडीतल्या सकाळी मात्र हवा अगदी गप्प असते, नारळाची झावळीसुद्धा हलत नाही. तेव्हा सिमेंट भरलेल्या डब्यांत रोवलेले दोन लोखंडी पाइप गच्चीवरून खाली येतात, त्यांना नेट लागतं, जमिनीवरच्या पांढऱ्या रेषांना नवा ऑइलपेंट बसतो. आणि गाडी कुणी हलवायची यावरून एक कडाक्याचं भांडण होतं. ते झाल्याशिवाय सीझन सुरू झाला असं कुणी धरत नाही.

यंदा नेट बांधलं त्या सकाळी सावंत बाल्कनीत बसले होते. सावंत म्हणजे माझे यजमान. मी त्यांना घरात 'अहो' म्हणते, बाहेर 'सावंत' म्हणते आणि कोर्टावर 'अरे' म्हणायचे. चहा हातात देताना ते खाली बघत काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. "काय?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. जाऊ दे. हल्ली त्यांचं बरंचसं बोलणं या 'जाऊ दे'पाशी येऊन थांबतं.

मी आत आले आणि पुन्हा आलं किसायला लागले. आणि मला ती दोन वर्षांपूर्वीची थंडी आठवली. मी काही तिची वाट बघत नसते. पण खालून तो आवाज आला की ती येतेच, बोलावलं नाही तरी.

आमची जोडी सोसायटीत जुनी. लग्न होऊन या बिल्डिंगीत आले तेव्हा सासूबाईंना वाटलं होतं सून हळदीकुंकवाला मिरवेल. सून साडी बदलून, सलवार घालून, नवऱ्याबरोबर गाड्यांच्या जागेत उड्या मारायला लागली. त्यांनी तेही पोटात घातलं. पण एकदा बाल्कनीतून त्यांनी माझं कोर्टावरचं बोलणं ऐकलं आणि वर आल्यावर मला धरलं. "गे बाये, घोवाक अरे-तुरे करतंस?" आता काय सांगू? "अहो, जरा पुढे येता का" असं म्हणेपर्यंत शटल पडून गार होतं. तिथे 'पुढे ये रे!' एवढंच बसतं. सावंतांनीच आईची समजूत काढली. म्हणाले, आई, पांढऱ्या रेषेच्या आत ती माझी बायको नाही, पार्टनर आहे. सासूबाई म्हणाल्या, मग रेषा ओलांडून घरात येताना तोंड धुवून ये म्हणावं तिला.

सावंत मागे आणि मी पुढे, अशी आमची वाटणी. ते उंच, खांदा मोकळा, कोकणातल्या माणसाला साजेसा काटक. मी बुटकी आणि चपळ. मी नेटजवळ उभी राहून समोरच्याचं आलेलं तोडायचे, ते मागून हाणायचे. आणि यात एक नियम असतो. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. वळलं की समोरून आलेलं शटल थेट तोंडावर. मग मागे आपल्या माणसाने काय मारलं ते पुढच्याला कळायचं कसं? कानाने. स्मॅश मारला तर कोरडा, उंच आवाज येतो, टाक्. शटल उंच, पार मागे पाठवलं तर जरा भरलेला, गोल आवाज, टॉप्. नेटजवळ अलगद टाकलं तर आवाज असा नाहीच, नुसतं पुक्. आणि रॅकेटच्या कडेला लागलं तर खट्, आणि त्याच्या मागोमाग सावंतांचं 'च्यायला'. या आवाजांवर मी पुढे सरकायचे, खाली वाकायचे, रॅकेट वर धरायचे. इतकी वर्षं या माणसाकडे पाठ करून उभी राहिले आणि एकदाही चुकीच्या ठिकाणी उभी राहिले नाही. बायका नवऱ्याचा चेहरा वाचतात म्हणे. मला सावंतांचा चेहरा काही धड वाचता आला नाही, तो माणूस चेहऱ्यावर काही आणायचाच नाही. मला त्यांचा हात ऐकता यायचा.

हा आवाज नुसत्या ताकदीचा नसतो. रॅकेटला ज्या तारा विणतात त्याला आम्ही खेळणारे गट म्हणतो आणि ती विणून आणणं म्हणजे गटिंग. गट किती ताणायची ते दुकानात सांगावं लागतं, पाउंडात. जास्त ताणली की आवाज उंच आणि कडक येतो. पण मग शटल बरोबर मधोमध, तेवढ्याशा जागेतच लागायला हवं, आणि मारणाऱ्याच्या दंडात जोर हवा, कारण अशी गट स्वतः काही मदत करत नाही. सैल ठेवली तर ती शटलला उसळी देते, थकल्या हातालाही सांभाळून घेते, पण आवाज बसका येतो. सोसायटीतली कॉलेजची पोरं दर थंडीला तेच करतात. टीव्हीवर खेळाडूंच्या रॅकेटचा फट्टाक आवाज ऐकतात आणि गट तश्शी ताणून आणतात. मग कंपाउंडभर फटाके वाजल्यासारखा आवाज आणि शटल नेटच्या अलीकडे. मी म्हणते, अरे गाढवांनो, जरा कमी करा, हात दुखतील. "काकी, आवाज आला पाहिजे ना यार!" उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

सावंतांची गट मधली. पोरांएवढी कडक नाही, माझ्याएवढी सैल नाही. त्यांचा आवाज यायचा तो मनगटातून. ते मला शिकवायचे, मूठ आवळून रॅकेट धरू नकोस, लाटणं धरतेस तेवढंच धर, सैल. शटल लागायच्या क्षणाला आवळ, की लगेच सोड. मी म्हणायचे, तुम्ही कधी धरलंय का लाटणं? पण ते खरं होतं. जन्मभर मूठ आवळून मारणाऱ्याचा आवाज थप्प असा येतो, आणि सैल धरून ऐन वेळी आवळणाऱ्याचा आवाज स्वच्छ येतो, मग गट कितीही असो. जयेशभाई गाला, बी विंगमधले, आमचे कायमचे प्रतिस्पर्धी. ते म्हणायचे, सावंतसाहेब मारतात तेव्हा मला पहिला आवाज ऐकू येतो आणि मग भीती वाटते. आणि भीती वाटल्यावर शटल दिसतं, पण तोपर्यंत ते मागे पडलेलं असतं.

तर ती थंडी.

सीझनच्या सुरुवातीला सावंतांचा आवाज जरा बसका लागतोय असं मला वाटलं होतं. मी मनावर घेतलं नाही. साठी जवळ आली, पहिले काही दिवस अंग अवघडलेलं असतं. आणि थोड्याच दिवसांत आवाज परत आला. नुसता परत आला नाही, पूर्वीपेक्षाही कडक आला. टाक्! मी पुढे उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, वा सावंत, म्हातारपणी बहर आलाय.

पण काहीतरी बसत नव्हतं. जयेशभाई बसत नव्हते. म्हणजे असं, की सावंतांचा स्मॅश आला की समोर जयेशभाईंनी गुडघ्यात वाकायला हवं, रॅकेट खाली न्यायला हवी, तोंड वेंगाडायला हवं. इतकी वर्षं ते तसंच करत आले. आणि आता माझ्या मागून टाक् आवाज येत होता आणि जयेशभाई ताठ उभे राहून, कमरेएवढ्या उंचीवर, आरामात शटल परत करत होते. कान सांगत होता स्मॅश, डोळा सांगत होता काहीच नाही. एकदा झालं, दोनदा झालं. मी चुकीच्या ठिकाणी उभी राहायला लागले. हंसाबेन, जयेशभाईंच्या मिसेस, म्हणाल्यासुद्धा, "सुलभाबेन, आज ध्यान किधर आहे तुमचा?"

मग एका सकाळी, ऐन रॅलीत, मी वळून बघितलं.

सावंत शटलखाली उभे होते. पण नेहमी कानाच्या वर जाणारा उजवा हात जेमतेम खांद्यापर्यंत आला होता, कोपर बरगडीला धरल्यासारखं. डावा हात, जो हवेत शटलकडे बोट दाखवत असायचा, तो नुसता लोंबत होता. पाय जागचे हलले नव्हते. आणि चेहरा असा, की खेळतोय ते दुसरंच कुणी. त्यांनी मारलं. टाक्! कडक, उंच, खणखणीत आवाज. आणि शटल गरीब बिचारं, कसंबसं नेट ओलांडून गेलं. जयेशभाईंनी परत केलेलं माझ्या खांद्यावर आपटलं. "मागे काय बघतेस!" सावंत ओरडले. त्यांच्या ओरडण्यात राग नव्हता. भीती होती.

घरी आल्यावर ते आंघोळीला गेले. मी दोन्ही रॅकेटी पलंगावर ठेवल्या. माझी तळहातावर आपटून बघितली, धप्प. त्यांची आपटली, टण्ण. अंगठ्याने तार दाबून बघितली तर दबायला तयार नाही. कॉलेजच्या पोरांच्या रॅकेटी असतात तशी. ते बाहेर आले, डोकं पुसत. एकाच हाताने पुसत होते, तेही मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"गट किती पाउंडाची आहे ही?"

"नेहमीचीच."

"अहो, मी काय आज खेळायला लागले का? नेहमीची नाहीये. कधी बदललीत?"

ते पलंगावर बसले. टॉवेलची घडी घालायला लागले, ती काही जमेना. शेवटी टॉवेल तसाच मांडीवर ठेवला. "आवाज बसका यायला लागला होता," ते म्हणाले.

"मग? वय होतंय. गट कमी करायची तर वाढवली कशाला? खांदा जाईल कामातून!"

"तू मागे बघत नाहीस ना. तुझ्याकडे माझं काय असतं, नुसता आवाज. म्हटलं, तो तरी नीट यावा."

मी भांडायच्या पवित्र्यात होते, कंबरेवर हात वगैरे. तो हात खाली आला. या माणसाने मला कळू नये म्हणून तारा ताणून आणल्या होत्या. जगात कुठल्या नवऱ्याने बायकोपासून आजार असा लपवला असेल? रडावं की हसावं ते कळेना. मग मी रडले. ते म्हणाले, अगं, नुसता हात जड झालाय. मी म्हटलं, उद्या डॉक्टर. ते म्हणाले, थंडी संपू दे. मी म्हटलं, उद्या.

डॉक्टरांनी त्यांना हाताची बोटं उघड-मीट करायला सांगितली, पटापट. डावी होत होती. उजवी पहिल्यांदा झाली, मग छोटी छोटी होत गेली, आणि थांबली. मग चालून दाखवा म्हणाले. सावंत चालले. उजवा हात चालताना हलत नव्हता, शर्टाच्या रिकाम्या बाहीसारखा. हा कंपवात आहे, डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, पण यांचा हात कापत नाही हो. ते म्हणाले, सगळ्यांचा कापत नाही. काहींच्या हालचाली नुसत्या लहान होत जातात. पाऊल लहान, अक्षर लहान, हावभाव लहान. माणसाला स्वतःला ते कळत नाही, त्याला वाटतं आपण पूर्ण हात उचलला. घरच्यांना कळतं. "तुम्हाला कशावरून कळलं?" त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार होते? जयेशभाई वाकले नाहीत यावरून, असं?

खेळू नका म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं त्या वेळी वाटलं. एकदाचं तुटलं असतं. पण डॉक्टर म्हणाले, खेळा, खेळायलाच हवं. म्हणून त्या थंडीत आम्ही खेळलो. मी स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन सावंतांची रॅकेट देऊन आले, गट माझ्यापेक्षाही सैल करून आणली. पहिल्या दिवशी त्यांनी मारलं आणि भप्प असा आवाज आला, ओल्या गादीवर काठी मारावी तसा. शटल मात्र मागच्या रेषेपर्यंत गेलं. मी म्हटलं, बघा, गेलं की नाही! ते रॅकेटकडे बघत राहिले. म्हणाले, "गेलं गं. पण माझं नाही वाटत."

त्या बोलण्याने मला फार लागलं. आवाजाशिवाय आपण मारलं हे खरं वाटत नाही माणसाला. मीही स्वयंपाकघरात भांडं आपटते तेव्हा काय करते? मी आहे, एवढंच सांगत असते. जिने चढणाऱ्याची चप्पल, देवळातली घंटा, सासूबाई होत्या तोवर त्यांचा खाकरा, घरभर आपण आपापल्या आवाजांनी जागा धरून बसलेलो असतो. आवाज लहान झाला की ती जागा लहान होते. आणि गटीचं तर असं आहे की नुसती खुंटीला टांगून ठेवली, एकदाही शटल लावलं नाही, तरी ती हळूहळू सैल होत जाते. कुणी काही केलेलं नसतं. कुणाला बोल लावायला जागा नसते. याचा मला तेव्हा अतोनात संताप यायचा. देवाशी भांडावं तर देवघरात सासूबाईंचा फोटो, त्या म्हणायच्या, तोंड धुवून ये.

मग आम्ही जागा बदलल्या. ते पुढे, मी मागे. पुढे हात फार उचलावा लागत नाही, नुसती रॅकेट धरून उभं राहायचं. मला मागून मारता येत नव्हतं, माझ्या खांद्याला सवयच नाही. सावंत पुढून, वळून न बघता बोलायचे. "उशिरा मारलंस." "तिरकं लागलं, मनगट वळलं." "हां, हे बरोबर." आयुष्यभर मी त्यांचा हात ऐकला, आता ते माझा ऐकायला लागले. त्या जानेवारीतल्या दवभरल्या सकाळी, कबुतरांच्या घुमण्यात, मी बरोबर मारलं की त्यांच्या पाठीला कळायचं. खांदे थोडे खाली यायचे. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या मॅचेस झाल्या, आम्ही पहिल्याच फेरीत गाला नवरा-बायकोकडून हरलो. जयेशभाईंनी मुद्दाम सोपं खेळायचा प्रयत्न केला तर सावंत नेटजवळ जाऊन म्हणाले, "जयेशभाई, नीट मारा." त्यानंतर त्यांनी नीट मारलं. आम्ही झकास हरलो.

त्यापुढच्या थंडीत सावंत कोर्टावर गेले नाहीत. पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे अडकायचे, एकदा पडले, गुडघा फुटला. मीही गेले नाही. एकटीने जाऊन काय करू? आणि मग ज्याची डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती ते सुरू झालं. त्यांचा आवाज लहान व्हायला लागला. गळ्यातला. आधी मला वाटलं सर्दी आहे. मग भाजीवाला 'काय काका?' म्हणायला लागला. मग वॉचमन. मग नाशिकची आमची लेक फोनवर "बाबा? हॅलो? ऐकू येत नाहीये, बाबा" म्हणायची आणि सावंत फोन माझ्या हातात द्यायचे. पुढे पुढे फोन वाजला की ते आधीच माझ्याकडे बोट दाखवायला लागले. दोनदा 'काय?' ऐकून घेण्यापेक्षा माणूस एकदा गप्प बसणं पत्करतो. जन्मजात बडबडे नव्हतेच ते. पण गप्प असणं वेगळं आणि विझत जाणं वेगळं.

आवाजाचा व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या घरी. चांगली, हसरी मुलगी. म्हणाली, काका, रोज सकाळी मोठ्याने 'आ' म्हणायचं, छाती भरून, श्वास पुरेल तेवढा वेळ. आपल्याला वाटेल की आपण ओरडतोय, पण ऐकणाऱ्याला ते साधंच वाटेल. सावंतांनी तिच्यासमोर म्हणून दाखवलं आणि ती गेल्यावर बंद. "शेजारी म्हणतील सावंतांनी बैल आणलाय." मी किती विनवण्या केल्या. चिडले, अबोला धरला, स्वतः बाल्कनीत उभी राहून 'आ' केलं. ते हसले, पण आवाज नाही. त्यांचे हातपाय पहिल्यासारखे होतील अशी माझी आशा नव्हती, मी एवढी खुळी नाही. मला एवढंच हवं होतं की या माणसाने एकदा, एकदा तरी, मला ऐकू येईल असं काहीतरी म्हणावं. नाहीतर घरात माणूस असून नसल्यासारखा होईल, आणि मी भिंतींशी बोलत राहीन.

म्हणून यंदा हंसाबेन वर आल्या आणि म्हणाल्या, "सुलभाबेन, जयेशला गुडघ्याचा प्रॉब्लेम झाला, मला पार्टनर नाय, तुम्ही चला," तेव्हा मी नाही म्हटलं. यांना एकटं टाकून कशी येऊ? सावंत खुर्चीत बसले होते. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे बघितलं, हनुवटीने दार दाखवलं. जा. मी म्हटलं, तुम्ही म्हणा की मोठ्याने, मग जाते. त्यांनी हनुवटी तेवढी पुन्हा वर उचलली. मी गेले, रागाने, दार जोरात ओढून.

गेल्या रविवारची गोष्ट. मी आणि हंसाबेन, समोर सी विंगमधल्या कॉलेजच्या दोन पोरी. आता मागे खेळायची सवय झालीय, मी मागे. खेळ अटीतटीला आलेला. एका पोरीने शटल असं काही उंच उडवलं की ते बिल्डिंगच्या सावलीतून वर उन्हात गेलं आणि मला दिसेनासंच झालं. मी मागे मागे जात होते, मान वर, डोळ्यांत ऊन, पायाखाली रेषा कुठे आली माहीत नाही. आता मारू की नको? बाहेर जाणारं असलं तर हात लावायचा नसतो.

"सोड!"

वरून आला तो आवाज. मोठा नव्हता, फाटलेला होता, कोरडा, मध्येच तुटल्यासारखा. पण तिसऱ्या मजल्यावरून, कबुतरांची जाळी आणि वाळत घातलेल्या चादरी ओलांडून आला. मी हात खाली घेतला. विचार केला नाही, हात आपोआप खाली आला. शटल माझ्या पायाशी पडलं. रेषेच्या आत. चांगलं वीतभर आत.

पोरींनी आरडाओरडा केला. हंसाबेनने कपाळावर हात मारला. "अरे, आत होता ना! सोडला कशाला?"

"सावंत म्हणाले," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. सगळ्यांनीच वर बघितलं. बाल्कनीत सावंत ग्रिल धरून उभे होते. उभे होते, खुर्चीत नव्हते. "काका, आत होतं!" पोरींनी ओरडून सांगितलं. मला पुढची सर्व्हिस घेता येईना, समोरचं नेट धूसर झालं होतं. दुपट्ट्याने तोंड पुसलं, घाम आल्यासारखं. मॅच आम्ही हरलो, त्याच पॉइंटने हरलो म्हणा ना. हंसाबेनने नुसता माझा दंड दाबला.

वर आले तेव्हा ते पुन्हा खुर्चीत बसले होते, दमून. मी पाण्याचा तांब्या घेतला, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. त्यांनी काहीतरी म्हटलं. मी कान जवळ नेला.

"आत पडलं?"

"वीतभर आत."

"वरून बाहेर वाटलं."

"वाटणारच. चष्मा कुठाय तुमचा? टीव्हीवर."

त्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाली पोरींचा दुसरा गेम सुरू झाला होता.

"मग सोडलंस कशाला?"

माझ्या तोंडाशी चार खोचक उत्तरं आली होती. ती गिळून मी तांब्या त्यांच्यापुढे धरला.

"अहो, ऐकू आलं म्हणून," मी म्हटलं.